मार्जिन

छातीचं सगळे विचारतात.
पायाचं कोणी विचारत नाही.

उजवा पाय, आतल्या बाजूने,
घोट्यापासून गुडघ्याच्या वर चार बोटं.
हा व्रण छातीवरच्या व्रणाहून लांब,
संध्याकाळी सुजतो तोही हाच.
टेप लावून मोजला मी. सवय.
सव्वासोळा इंच.

बोरीच्या पुलाजवळ दुकान.
जिभाऊ टेलर्स, लेडीज स्पेशालिस्ट, अमळनेर.
एकेचाळीस वर्षं ह्याच पायाने पायडल मारलं.
आखाजीच्या तोंडावर सव्वीस ब्लाउज अडकलेले,
आणि सकाळी शटर ओढताना
जबड्यात कळ आली.
दाढ असेल म्हटलं. लवंग धरली.
शटर अर्ध्यावरच राहिलं.

धुळ्याला डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं,
तीन ठिकाणी.
मला ते ओळखीचं वाटलं.
परकराच्या नेफ्यात नाडी गुंतून गोळा होते,
मग कितीही ओढा, पुढे सरकत नाही.
साहेब, उसवून साफ नाही करता येत?
म्हणाले, ते तसंच राहू द्यायचं.
शेजारून नवी वाट काढायची,
अडलंय त्याच्या पलीकडे नेऊन जोडायची.
एक नळी छातीतलीच वळवू,
दोन पायातून घेऊ.

पायातून?

पायात जास्तीची असते. काढली तरी चालतं.

मी गप्प झालो.
कापड बेतताना आपण बाजूला दोन बोटं ठेवतो,
बाई उद्या अंगाने भरली तर म्हणून.
गिऱ्हाइकाला दिसत नाही, बिलात लागत नाही.
माझ्याही पायात कोणी ठेवलं होतं.

आणखी एक सांगितलं त्यांनी, ते मी अजून घोळवतो:
शीर उलटी करून लावतात.
आत बारीक झडपा असतात, रक्ताला एकाच दिशेने सोडणाऱ्या,
सुलटी लावली तर वाटच बंद.
म्हणजे मखमलीची लव.
ज्याला लव कळते
त्याच्या टेबलावर पडायला माझी हरकत नव्हती.

फॉर्मवर सही सिंधूने केली.
वरचं काही वाचलं नाही,
पेन परत करायचं विसरली, अजून घरात आहे.
मला म्हणाली, "डोया मिटी ल्या."

मधले काही तास माझ्याकडे नाहीत.
हृदय थांबवलं होतं म्हणे,
रक्त बाहेर एका मशीनमधून फिरत होतं.
त्या मशीनच्या पायडलवर कोणाचा पाय होता,
विचारायचं राहिलं.

दोरा केसाहून बारीक, सुई वाकडी,
डॉक्टरांच्या चष्म्याला दुर्बीण.
सगळं ऐकलं मी, परिचारिकेला खोदून खोदून.
ती आतली टीप एकदा बघायची होती.
बघायला मिळणार नाही.
मिळूही नये.

आता शेवभाजीवरची तर्री सिंधू चमच्याने काढून टाकते,
वाटीत उरतो नुसता लाल आठवणीसारखा रस्सा.
रात्री लांब मोजा पायातून सोलून काढताना
तीच एकटी विचारते,
"पाय दुखस का?"
आणि उत्तराची वाट न बघता उशी खाली सरकवते.

जावयाने मशीनला मोटर बसवून दिली.
डावा पाय तिच्यावर, उजवा स्टुलावर, पाहुण्यासारखा.
आवाज नवा आहे. टीप चांगली पडते, पण घाईची.

काल कौतिकबाईची नात आली,
ब्लाउज ढिला करून मागत होती.
बाजू उसवल्या.
चार वर्षांपूर्वी मीच ठेवलेलं कापड
दुमडीत तसंच झोपलेलं.
बाहेरचा रंग उन्हाने, धुण्याने उडालेला,
आतला अजून आमसुली.

पोरगी वाकून बघत होती.
"काका, तेवढाच पट्टा वेगळा दिसेल का?"

काही दिवस दिसेल, म्हटलं.